तळ्याकाठचं चित्र घरी आल्यावर काळं का पडतं?

प्रश्न :
इंदूरला रामबागेत राहते, शाळेत गणित शिकवते. जलरंगाच्या क्लासला जाऊन दोन वर्षं झाली. फोटोवरून केलेली माझी निसर्गचित्रं बरी होतात; बैठकीत दोन लावलीही आहेत. दिवाळीनंतर ठरवलं, आता बाहेर बसून काढायचं. चार रविवार सकाळी पिपल्यापाला आणि बिलावली या तळ्यांवर जाऊन आले. दर वेळी तेच होतं. तिथे बसलेलं असताना चित्र छान वाटतं, घरी आणून पाहिलं की काळपट आणि मळकं. पाण्याला चांगला निळा लावते, तरी ते पाणी वाटत नाही, सपाट निळा पट्टा दिसतो. अर्धं होईतो ऊन सरकतं, सावल्या बदलतात, मग मी त्या नव्याने रंगवते आणि उरलंसुरलंही बिघडतं. मुलं भोवती जमतात, हात थरथरतो. क्लासचे सर म्हणतात, अजून वर्षभर फोटोवरूनच करा. सासूबाई म्हणतात, एवढ्या थंडीत तळ्यावर एकटीने जाऊन बसायची काय गरज, गच्चीवरून काढ. फेब्रुवारीत क्लासचं प्रदर्शन आहे आणि बाहेर काढलेलं एक तरी चित्र त्यात असावं असं मनापासून वाटतं. जात राहू की थांबू?
एक वाचक, इंदूर

उत्तर :
ताई, जात राहा. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस माळव्यात बाहेर बसून जलरंगात काम करण्याचे. त्यातले चार रविवार तुम्ही दिलेत आणि ते वाया गेलेले नाहीत, कारण पत्रात तुम्ही जे जे बिघडतं म्हणून लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की प्रत्येकाचं कारण सांगता येतं. एक बदल मात्र या रविवारपासूनच करा. तळ्यावर चित्र पुरं करायला जाऊ नका. तिथे अभ्यास करायचा, लहान कागदावर, भराभर. चित्र करायचं घरी, त्या अभ्यासांवरून.

आधी काळपटपणा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझी खात्री आहे की काम करताना कागदावर थेट ऊन पडतं. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो आणि त्यावर लावलेला गडद रंगही उजळ, पारदर्शक, सुंदर दिसतो. म्हणून आपण आणखी गडद लावतो, पुन्हा लावतो. घरच्या उजेडात तोच कागद आला की त्याचा खरा गडदपणा दिसतो. चित्र वाटेत काळं पडलेलं नसतं, ते तळ्यावरच काळं होतं. उपाय सोपा : तुम्ही स्वतः उन्हात बसलात तरी चालेल, कागद सावलीत हवा. झाडाच्या बुंध्याच्या सावलीत बसा, किंवा छत्री घ्या. छत्री काळी किंवा पांढरी. फुलाफुलांची रंगीत छत्री तिचा रंग कागदावर टाकते आणि मग आपला पिवळा कुठे चुकला ते कळत नाही. भडक ओढणीचंही तेच. गॉगल तर आधी काढून ठेवा.

मळकेपणाचं कारण वेगळं. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये, म्हणजे पाणी घालून पसरलेल्या पातळ रंगाच्या थरात, पुन्हा ब्रश घातला की रंग मळतो. सारवलेल्या जमिनीवर ती अर्धी ओली असताना पाय दिला तर उमटलेलं पाऊल काही केल्या जात नाही, तसं. वॉश पूर्ण ओला असेपर्यंत त्यात हवं ते करा. चमक गेली की हात मागे घ्या आणि तो कोरडा होईपर्यंत कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात काम करा. पाण्याचे दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला, एक रंगात घालायला. बरेच जण एकाच डब्यावर भागवतात आणि तासाभराने त्या राखाडी पाण्यानेच आभाळ रंगवतात.

आता पाणी. इथे मला सविस्तर बोलायचंय, कारण ‘चांगला निळा लावते’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. पिपल्यापाल्याचं पाणी सकाळी साडेसातला कसं असतं ते आठवा. पलीकडच्या काठाजवळ फिकट, जवळजवळ पांढरट, किंचित पिवळसर. झाडांच्या खाली काळपट हिरवं. तुमच्या पायापाशी शेवाळी, तपकिरी. निळं कुठेच नाही, असलंच तर मधल्या एखाद्या पट्ट्यात. तळ्यात आपल्याला तीन गोष्टी एकदम दिसतात : वर जे आहे त्याचं प्रतिबिंब, आत जे आहे तो तळ किंवा गाळ, आणि पाण्याच्या अंगावरची हालचाल. या तिघांपैकी कुठे कोण वरचढ आहे एवढं ओळखलं की पाणी आपोआप उतरतं.

एक प्रयोग करा. बांधावर उभं राहून आधी अगदी पायाजवळच्या पाण्यात बघा. दगड दिसतील, गाळ दिसेल. आता नजर हळूहळू वर न्या. काही हातांवर गेल्यावर तळ दिसेनासा होतो आणि आभाळ दिसू लागतं. पाण्याकडे जितकं तिरपं बघू तितका त्याचा आरसा होतो, जितकं सरळ खाली बघू तितकी त्याची खिडकी होते. शिवाय लांबच्या पाण्यात क्षितिजाजवळचं फिकट आभाळ उतरतं आणि जवळच्या पाण्यात डोक्यावरचं गडद आभाळ. दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढतात, म्हणून शांत तळं बहुतेक वेळा पलीकडे उजळ आणि आपल्याकडे गडद होत येतं. कागदावर हा एकच चढता वॉश, वर फिका आणि खाली येता येता गडद व उबदार, टाकून बघा. एकही लाट न काढता तुमचा सपाट पट्टा आडवा होऊन दूर जायला लागेल.

प्रतिबिंबाचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल. बहुतेकांना वाटतं, वरचं दृश्य उलटं करून खाली काढलं की झालं. तसं नसतं. पाण्याच्या रेषेवर आरसा धरा आणि आकृती काढा : तुमचा डोळा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच खाली आहे असं समजा. प्रतिबिंबात जे दिसतं ते त्या खालच्या डोळ्याला दिसणारं दृश्य. म्हणून बांधाच्या मागे सरकून असलेल्या घराचा वर दिसणारा बराचसा भाग पाण्यात दिसत नाही, बांधच त्याला झाकतो; फार तर छप्पर डोकावतं. लांबच्या टेकड्या पाण्यात ठेंगण्या होतात किंवा काठावरच्या झाडांमागे पार लपतात. पुलाखालची बाजू आपल्याला वरून दिसत नाही, पाण्यात मात्र स्वच्छ दिसते. आणि प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली, आपल्या दिशेने उतरतं. उजवीकडे झुकलेला खांब पाण्यातही उजवीकडेच झुकलेला असतो. त्याला डावीकडे झुकवला की बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

टोनचा, म्हणजे उजळ-गडदपणाचा, एक नियम पाठ करा. उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं गडद आणि गडद वस्तूचं थोडं फिकं. पांढरा बगळा पाण्यात किंचित राखाडी, काळा बांध पाण्यात किंचित धुरकट. टोकं दोन्ही बाजूंनी आत येतात. तुमच्या चित्रात झाड आणि त्याचं प्रतिबिंब एकाच रंगात असेल, म्हणून डोळ्याला काठ कुठे संपला ते कळत नसेल.

वारा आला की प्रतिबिंब आडवं तुटतं आणि उभं लांबतं. पाण्यावर वाऱ्याची झुळूक जिथे टेकते तिथे एक फिकट किंवा गडद आडवा पट्टा पसरतो. असा एखादा पट्टा चित्रात असला की सगळं पाणी सपाट पसरलेलं वाटतं, दहा हवेत कशाला. सूर्याकडे तोंड करून बसलात तर चकाकीसाठी पांढरा रंग वापरू नका. खरबरीत कागदावर ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा झरकन फिरवा, कागदाचे उंचवटे रंगतात, खळगे पांढरे राहतात, तीच चकाकी. आणि सावली : स्वच्छ, गडद पाण्यावर झाडाची सावली जवळपास दिसतच नाही, गढूळ पाण्यावर मात्र ठळक पडते, कारण तिथे गाळ पडद्याचं काम करतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचं पाणी ओढ्याने तळ्यात येतं तेव्हा हे बघायला मिळतं. जलकुंभी (जलपर्णी) पसरली असेल तर तिला टाळू नका. ती पाण्यावर सपाट पडलेली असते, तिच्या कडा लांब जाताना बारीक होत जातात आणि पाण्याची पातळी डोळ्याला तीच सांगते.

हे सगळं फोटोत दिसत नाही का? थोडं दिसतं. पण हल्लीचा फोन सावल्या उजळवतो आणि आभाळ दाबतो, म्हणजे सगळ्यांना सारखं करायच्या मागे असतो. बगळा आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यातला जो बारीक फरक मी वर सांगितला, तोच पहिला जातो. फोटो एका क्षणाच्या लाटा गोठवतो; आपल्या डोळ्याला मात्र त्या लाटांची सरासरी दिसते आणि रंगवायची तीच असते. सरांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. फोटोवरून ब्रशवर ताबा येतो, आणि तो तुमच्याकडे आता आहे. टोन बघण्याची सवय त्यातून लागत नाही, ती जागेवरच लागते. सरांना न दुखावता एवढंच सांगा की शनिवारी क्लासचं काम करते, रविवारी अभ्यास. आणि ते अभ्यास त्यांना दाखवाच. शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थ्याचे कच्चे कागद बघायला आवडतात.

ऊन सरकतं या तक्रारीवर जगातल्या सगळ्या निसर्गचित्रकारांनी डोकं फोडलंय. क्लोद मोने एकाच जागी अनेक कॅनव्हास घेऊन बसायचा. उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून त्या उजेडाचा दुसरा उचलायचा. १८९१ साली एप्त नदीकाठच्या पॉप्लर झाडांची मालिका त्याने अशीच केली. जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये नुसत्या आभाळाचे अभ्यास करत होता आणि मागच्या बाजूला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवत होता. दोघांकडून एकेक गोष्ट घ्या. कागद बदला, सावल्या बदलू नका. आणि मागे वेळ लिहा.

इंदुरात तर ही परंपरा घरचीच आहे. द. दा. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे चित्रकला मंदिर सुरू केलं आणि बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, चिंचाळकर गुरुजी अशी माणसं त्यांच्या हाताखालून गेली. ना. श्री. बेंद्रे इंदूरचेच, पुढे १९५० ते १९६६ बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवत होते. डी. जे. जोशींचा जन्म महेश्वरचा, नर्मदा त्यांच्या दारात. देवळालीकर कला वीथिकेत किंवा शहरात कुठेही या पिढीची मूळ चित्रं लागली तर जाऊन जवळून बघा, छापलेल्या प्रतीवर थांबू नका. ऊन पिवळा रंग ओतून येत नाही, शेजारच्या सावलीत कोणता रंग आहे यावर ते ठरतं, हे मूळ चित्रापुढे उभं राहिल्यावर जसं कळतं तसं माझ्या लिहिण्याने कळणार नाही.

कामाची पद्धत अशी ठेवा. पूर्ण ताव २२ × ३० इंचाचा असतो, त्याचे आठ तुकडे करा. साडेसात बाय अकराचा एक तुकडा एका अभ्यासाला पुष्कळ. कागद सुती, ३०० जीएसएमचा घ्या. रंग हवे तर आपल्या कॅम्लिनचे चालतील, पण कागदावर काटकसर करू नका, हलका कागद पहिल्याच वॉशला फुगतो आणि दोष तुम्ही स्वतःला देता. जागेवर बसलात की पहिली पाच मिनिटं रंगाला हात लावायचा नाही. डोळे किलकिले करा आणि वहीत आगपेटीएवढी चौकट काढून पेन्सिलीने तीनच टोन भरा : उजळ, मधला, गडद. त्याच वेळी सावल्या कुठे आहेत ते ठरवून टाका. त्यानंतर सूर्य कुठेही जावो, तुमच्या कागदावरची सावली हलणार नाही. पाऊण तासात अभ्यास थांबवायचा, झाला असो वा नसो. मग दुसरा कागद, त्याच जागेवरून, नव्या उजेडात. एका सकाळी दोन, फार तर तीन.

रंग सहा पुरे : अल्ट्रामरीन, सेरुलियन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, अलिझरिन क्रिमसन. ट्यूबमधला तयार हिरवा घरी ठेवा. आपल्याकडचा हिवाळी हिरवा धुळकट असतो, तो ऑकर आणि अल्ट्रामरीनमधून बरोबर येतो. राखाडी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून; काळ्याची गरज पडत नाही. ब्रश एक मोठा गोल, एक इंचाचा चपटा. लहान ब्रश नेऊच नका, तो हाताशी असला की माणूस पानं मोजत बसतो.

उजेडाबद्दल इथलं म्हणून थोडं. कर्कवृत्त उज्जैनच्या आसपासून जातं, आपण त्याच्या जरा दक्षिणेला. जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली जातात, झाडाला उजेडाची बाजूच उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत उलट : सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो, सावल्या लांब पडतात. सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी साडेतीननंतर काम करा. शब-ए-माळवा, म्हणजे माळव्याची रात्र, असं उगीच म्हणत नाहीत. संध्याकाळी आभाळ विझल्यावरही पाण्यात उजेड बराच वेळ रेंगाळतो. एप्रिल-मेमध्ये वॉश टाकता टाकता वाळतो, तेव्हा कागद मागून भिजवून घ्यावा लागतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. त्यांचं त्या वेळी बघू.

जागा मात्र बदलत बसू नका. तुम्ही दोन तळी धरलीत; त्यातलं एक सोडा. फेब्रुवारीपर्यंत एकच काठ, शक्यतो तेच झाड, तीच वेळ. काय काढायचं यात सकाळ जाणार नाही आणि आजचं पाणी गेल्या रविवारसारखं का नाही हे दिसायला लागेल. मला विचाराल तर पिपल्यापाला ठेवा. बाग असल्याने माणसांचा वावर असतो, बसायला बरं पडतं. पुढे सिरपूरला जा, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी असतात. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत. यशवंत सागरला सारस दिसतात. एक कळकळीची विनंती : अशा पाण्यात ब्रश धुऊ नका आणि डब्यातलं रंगाचं पाणी तिथे ओतू नका. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं. घरून बाटलीत पाणी न्या आणि मळलेलं पाणी बाटलीतच परत आणा.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखाली, म्हणजे होळकरांच्या दगडी स्मारकांखाली, खान नदी आहे. तिच्या पाण्याची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. तरीही एकदा पुलाच्या बाजूने तिथे बसा असं मी म्हणेन. दगडी छत्र्यांचं प्रतिबिंब काळ्या पाण्यातही तितकंच सुडौल पडतं, आणि आपल्या शहराची नदी कशी झाली आहे हे चित्रकाराने बघितलं नाही तर कोण बघणार. तिला चित्रात स्वच्छ करू नका.

महेश्वरची घाई नको. अभ्यासाचे दहाबारा कागद साठले की जा, सुमारे ९० किलोमीटर आहे, मुक्काम करून या. घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर, तोंड दक्षिणेकडे. म्हणजे हिवाळ्यात किल्ल्याच्या भिंतीवर आणि पायऱ्यांवर दिवसभर ऊन. नदी पूर्वेकडून पश्चिमेला जाते, त्यामुळे घाटावर बसून सकाळी वरच्या अंगाला बघितलं तर सूर्य समोर, सगळं एका टोनमध्ये, नावा काळ्या, पाणी चांदीचं. हे सोपं, इथून सुरुवात करा. दुपारी नावेने पलीकडे नावडातोलीच्या बाजूला उतरा, तिथून पूर्ण घाट उन्हात दिसतो. तो कठीण विषय, पायऱ्या मोजायच्या मोहात पडू नका. पूर्ण घाट आधी एकाच उबदार वॉशमध्ये बसवा आणि मग फक्त सावल्या कापा. नदीतल्या खडकांवर मात्र बसू नका. वरच्या अंगाला मोठी धरणं आहेत, पाणी सोडलं की पातळी चढते. ओढ्या-धबधब्यांचंही तेच, २०११ च्या जुलैत पाताळपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली. पावसाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या पात्रात बैठक मांडायची नाही, चित्र कितीही चांगलं मिळत असलं तरी.

आता बघ्यांचं. पाठीशी भिंत किंवा जाड बुंधा येईल अशी जागा निवडा. मागे उभं राहायला जागाच नसली की निम्मी गर्दी कमी होते. मुलं समोर येतात, “आंटी, क्या बना रहे हो?” विचारतात. “दस मिनट बाद दिखाती हूँ” म्हणा आणि खरंच दाखवा. जादा कागद आणि पेन्सिल जवळ असू द्या. जो फार जवळ येतो त्याला तेच झाड काढायला बसवा. तुमची शिक्षिकेची सवय इथे कामी येईल. एखादा पोरगा मागून ओरडेल, “भिया, अपना तालाब बन रिया है!” तेव्हा हात थरथरला तर थरथरू द्या, मोठ्या ब्रशने वॉश टाकताना थरथर दिसत नाही. बघणारे चूक शोधत नसतात, आपलं ओळखीचं झाड सापडतंय का एवढंच बघतात.

सासूबाईंची काळजी मात्र मी हलक्यात घेणार नाही. पहाटे निर्मनुष्य काठावर एकट्या बाईने बसू नये असंच माझंही मत आहे. क्लासमधल्या एखाद्या मैत्रिणीला तयार करा, दोघी दहा पावलांवर बसा. कुठे आहात, किती वाजता याल, हे घरी सांगून निघा. शाल, घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा न्या. एखाद्या रविवारी सासूबाईंनाच घेऊन जा. त्या बागेत फेरी मारतील, तुम्ही काम करा. गच्चीचा त्यांचा सल्लाही टाकाऊ नाही. जागेवर जाता आलं नाही त्या दिवशी गच्चीवरून आभाळाचे अभ्यास करा. तळ्यात अर्ध्याहून जास्त आभाळच तर असतं.

राहिलं प्रदर्शन. जागेवर काढलेला एकच कागद तिथे लावायचा हट्ट धरू नका, नाहीतर प्रत्येक रविवारी तोच कागद तुमच्या मनावर बसेल आणि पुन्हा चित्र ‘पुरं’ करण्याची घाई सुरू होईल. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्याच काठाचे अभ्यास साठवा. मग सगळे जमिनीवर मांडून चार निवडा, ज्यांत पाणी पाण्यासारखं वागतंय असे, रंग सुंदर असलेलेच असं नाही. त्यांवरून घरी अर्ध्या तावाचं, १५ × २२ इंचाचं एक चित्र करा. सरांना विचारून ते मोठं चित्र आणि शेजारी एकाच माउंटमध्ये ते चार छोटे अभ्यास, खाली जागा आणि वेळ लिहून, असं लावा. तुम्हाला हवं होतं ते, बाहेर काढलेलं, त्यात आलंच.

मोठं चित्र करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कुठे अडलात, समजा बांधाखालचं पाणी नेमकं किती गडद होतं ते आठवेना, तर फोटो उघडू नका. पुढच्या रविवारी त्याच झाडाखाली जाऊन तेवढंच बघा, एका चिठोऱ्यावर त्याचा टोन उतरवून आणा आणि काम पुढे न्या. आठ तरी रविवार हातात आहेत.